मावशी नावाची लाथ

स्वप्नात माझी लाथ बरोबर बसते. त्या वर्षी मला एकच स्वप्न पडायचं. सगळी मिठागरं पाण्याने भरलेली, पाण्यात आभाळ उतरलेलं, आणि मी त्या आभाळावर उभी. पाय वर जातो, कंबर उघडते, खालचा पाय भोवऱ्यासारखा फिरतो आणि पाण्यावर साधा तरंगसुद्धा उठत नाय. मग कोणीतरी हसतं. डोळे उघडावेत तर मावशी चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत असते. “झोपेत कोणाला हाणत होतीस गो? गोधडी फाटली की!”

मला राग लवकर येतो, हे आताच सांगून टाकते. पुढे कोणी तोंड वाकडं करायला नको.

माझं नाव जनी. आमचं गाव गडब नाक्यावरून खाडीच्या अंगाला, भाताची शेतं संपून मिठागरं सुरू होतात तिथे. मी रांगत होते तेव्हाच आई गेली. बापाने दुसरा संसार मांडला, आणि आईच्या थोरल्या बहिणीने, काशीबाईने, मला काखेत मारून इकडे आणलं. हीच माझी मावशी. तिला मूलबाळ नाय, नवरा केव्हाच वारलेला. तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या, मी आणि मिठागरातला तिचा वाफा. दोघांत तिचा जीव कोणावर जास्त, हे मी कधी विचारलं नाय. उत्तर ऐकून भांडणच झालं असतं.

मी नववीत असताना रोह्याचे डेव्हिड सर आमच्या शाळेत कराटे दाखवायला आले. माणूस बुटका, टक्कल पडत चाललेलं, धाटावच्या एका कंपनीत फिटर. बघून कोणालाही वाटावं, हा काय मारणार! त्यांनी दोन विटांवर मंगलोरी कौल ठेवलं, कोपर वर नेलं आणि खाली आणलं. कौलाचे दोन तुकडे. पोरं टाळ्या पिटत होती, मी त्यांच्या कमरेकडे बघत होते. कौल फुटलं कोपराखाली, पण हलली होती ती कंबर. मला वाटलं, अगं बाई, हे तर मला जमेल! पुढच्या रविवारी मी एसटीने रोह्याला हजर.

क्लास एका शाळेच्या लांबट हॉलमध्ये भरायचा. खिडक्या कुंडलिकेच्या बाजूला. सकाळचं ऊन नदीवर पडलं की त्याचा उजेड हॉलच्या छतावर हलत राहायचा, आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी त्याच्याखाली ओळीत उभ्या. मला दर वेळी वाटायचं, आपण सगळ्या पाण्याच्या तळाशी उभ्या आहोत आणि वर कोणीतरी होडी वल्हवतंय. बहुतेक पोरी धाटावच्या कामगारांच्या. कोणाचा बाप पाळी संपवून तसाच मोपेडवर सोडायला यायचा आणि जिन्यात बसल्या बसल्या पेंगायचा.

शनिवारी क्लास कधीच नसायचा, कारण सर ज्यू. हे ऐकून मावशी खूश झाली. “म्हणजे शनवार तेली! त्यांचा आजा आमच्या दारात तेल घालायला यायचा. शनवारी मात्र काय वाटेल ते होवो, घाणा बंद. चांगली माणसं गो ती. जा तू.”

आता त्या लाथेचं सांगते. कराट्यातले शब्द जपानी. समोर मारायची ती माए गेरी. बाजूने, कमरेतून फिरून येते ती मावाशी गेरी. सर मधलं अक्षर लांबवून नीट बोलायचे, ‘मावाशी’. आम्हा पोरींच्या तोंडात त्याची झाली मावशी. ‘तुझी मावशी मस्त उंच जाते गो, माझी कमरेवरच अडकते.’ ‘आज माझी मावशी बसतच नाय.’ ‘हळू मार, तुझी मावशी काल माझ्या कानावर आली.’ बाहेरचा कोणी ऐकेल तर वेडाच होईल.

एकदा सव्वीस जानेवारीला आमचा कार्यक्रम होता. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून रोह्याला आली आणि पहिल्या रांगेत बसली. आम्ही उभ्या राहिलो. सर ओरडले, “मावाशी!”

मावशी ताडकन उठली. “काय रे मास्तर? हाय ना मी हितं!”

अख्खा हॉल हसत सुटला. सर तोंडावर हात धरून भिंतीकडे वळले. परतीच्या एसटीत मी तिला समजावून सांगितलं, तर ती आणखी भडकली. “माझ्या नावाची लाथ? भर सभेत लोकांच्या तोंडावर मला हाणता काय गो?” नागोठणं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मग हळूच, माझ्याकडे न बघता बोलली, “उंच जाते काय?”

“माझी नाय जात.”

“मग काय उपयोग!”

खरंच काय उपयोग. बाकी सगळं मला यायचं. कोपर, गुडघा, कोणी अंगावर धावून आलं की जवळ घेऊन मारायचे मार, त्यांत मी क्लासमध्ये कोणाला ऐकत नव्हते. समोरच्याच्या श्वासाचा वास येईल इतकं जवळ गेलं की माझे पाय जमिनीत रुजायचे, आणि मग कोपर असं जायचं की पॅड धरणारी पोरगी भिंतीला टेकायची. पण लांबून मारायची मावाशी आली की झालं. पाय वर निघायचा, अर्ध्यात अडकायचा, आणि मी एक तर लंगडी घालायचे नाय तर पडायचे.

क्लासला पाच वर्षं झाली, आणि मे महिन्यात पेणला काळ्या पट्ट्याची परीक्षा झाली तेव्हा पडलेच. साधी नाय, चांगली ढुंगणावर आपटले, लोकांसमोर. मुंबईहून आलेले परीक्षक खुर्चीतून वाकून माझ्या पायाकडे बघत राहिले. “पोरी, खालच्या पायात खिळा ठोकलाय का?” म्हणाले आणि नापास केलं. मला इतका राग आला की मी घरी येईपर्यंत रडलेसुद्धा नाय.

गणपती झाले आणि सरांनी मला क्लासनंतर थांबवलं. त्यांचा भाऊ इझिकेल कधीचा इस्रायलला जाऊन राहिला होता, सरांच्या बायकोची, फ्लोराबाईंची, माणसंही तिकडेच होती. रोह्यातल्या ज्यूंच्या आळीत आता दोन-तीन दारंच उघडी राहिली होती. “जनी, आमचंही ठरलं. डिसेंबर संपायच्या आत निघणार.”

मी विचारलं, “क्लास?”

“संघटनेचा नियम तुला माहीत आहे. काळा पट्टा असेल त्यालाच क्लास चालवता येतो. बाहेरून रोह्याला कोणी येणार नाय, मी विचारून बघितलं. डिसेंबरात पेणला परत परीक्षा आहे. पास झालीस तर हा क्लास तुझा. नाय झालीस तर मी हॉलची चावी शाळेला देऊन टाकणार.”

गावात मी कोण? आई नसलेली, बापाने टाकलेली, बिचारी जनी. बिचारी हा शब्द ऐकला की माझ्या मुठी वळतात. त्या हॉलमध्ये मला कोणी बिचारी म्हणत नव्हतं. धाकट्या पोरी ‘ताई, माझी मावशी बघ ना’ म्हणत हात ओढायच्या. तो हॉल बंद झाला तर त्या घरी बसणार, आणि मी कुठल्यातरी कंपनीत पाकिटं चिकटवणार. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं एका लाथेवर, आणि लाथ अडली होती माझ्या पायात.

सरांनी हात म्हणून टेकले नायत. भिंतीला हात लावून, खुर्ची धरून, डोळे मिटून, सगळ्या तऱ्हा झाल्या. नजर एका जागी ठेव. खालचा गुडघा जरासा मोडलेला ठेव, काठीसारखं ताठ माणूस पडतं. आधी गुडघा वर, मग कंबर, मग पाय. हात खाली सोडू नको. गेली त्याहून लवकर लाथ मागे घे. हे सगळं मी करायचे. आणि शेवटी सर ओरडायचे, “टाच! खालच्या पायाची टाच फिरव! वरचा पाय पाहुणा आहे, जनी. घर खालच्या पायाचं. घरच वळलं नाय तर पाहुणा दारातच अडकणार.”

मला कळत होतं. टाच पुढे वळली की कंबर उघडते, कंबर उघडली की पाय वाटेल तेवढा वर जातो. डोक्याला सगळं कळत होतं, पायाला सांगायचं कोणी? लादीवर पावडर टाकली, मोजे घालून बघितलं. बाकीच्या पोरी घसरून पडल्या. माझा पाय जागचा हलला नाय.

हे का होतंय ते कळलं नोव्हेंबरच्या शेवटी, आमच्या मिठागरात.

पावसाळा सरला की वाफ्यांतलं पाणी काढतात, गाळ सारखा करतात, आणि मग बायका एकमेकींचे हात धरून ओळीने तो तुडवतात. खालची जमीन तव्यासारखी घट्ट आणि गुळगुळीत व्हावी लागते, तेव्हा कुठे त्यावर खाऱ्या पाण्याचं मीठ धरतं. पाय सरळ वर, सरळ खाली, आख्खा तळवा एकदम. वळायचं असेल तर पाऊल उचलून वळायचं. टेकलेला पाय जागच्या जागी फिरवायचा नाय, मेलं तरी नाय. टाच फिरली की वरची साय फाटते, खालचं काळं पाणी वर येतं, आणि मग तिथलं मीठ पांढरं होत नाय. मावशीचा वाफा आख्ख्या खाडीत नावाजलेला. चंद्र पडला तर तोही सरकून जाईल, असं बायका म्हणायच्या. मी चालायला शिकले ती तिथेच, तिचं बोट धरून, त्या मऊ गार गाळात.

त्या रविवारी सरांनी क्लासला सुट्टी दिली होती. ऊन कोवळं, वारा पडलेला, लांबच्या बांधावरची माणसं जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखी दिसत होती. आम्ही तुडवत होतो. तुडवताना मला नेहमी गुंगी येते. सगळ्यांचे पाय एका तालात, चप् चप्, डोळे अर्धे मिटलेले, आपण चालतोय की झोपलोय ते कळत नाय. बांधावर डेव्हिड सर उभे होते, हातात फडक्याने झाकलेलं ताट. मला आधी वाटलं स्वप्नातच आले.

निघायच्या आधी त्यांच्या घरी मलिद्याची, गोड पोह्यांचं ताट मांडून करतात ती, प्रार्थना झाली होती आणि त्याचा प्रसाद ते मावशीला द्यायला आले होते. पण हाक न मारता ते नुसते बघत राहिले. आमच्या ओळीत एक नवीन सून होती. ती वळताना चुकली तशी मावशी खेकसली, “टाच! टाच फिरवू नको गो! पाऊल उचल!” आणि सवयीने माझ्या पोटरीवरही एक चापट मारली.

सर बांधावर मटकन बसले आणि हसायलाच लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “जनी, इकडे ये. काशीबाई, तुम्ही पण या. अहो, मी इतकी वर्षं टाच फिरव म्हणून बोंबलतोय, आणि इथे तुम्ही टाच फिरवू नको म्हणून तिला वाढवलीत! मी कसा जिंकणार?”

त्यांनी मावशीला लाथेतली मेख उभं राहून करून दाखवली. तिने नीट बघितलं. तिला एका क्षणात कळलं, ते मला दिसलं. आणि माझं डोकं फिरलं.

“म्हणजे तू!” मी सगळ्यांसमोर ओरडले. “माझ्या पायात खिळा ठोकणारी तूच! वाफा जपलास आणि मला अडकवलंस!”

“जनी, गप,” सर म्हणाले. “चूक कोणाचीच नाय.”

मावशीने हात धुतले, ताटावरचं फडकं बाजूला केलं. भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, वेलची, केळ्याच्या चकत्या. एक घास खाल्ला. “पोहे पेणचे काय रे मास्तर?”

“मग काय तिकडचे?”

“तिकडं मिळतील काय असे?”

“माहीत नाय, काशीबाई,” सर म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका भाकरी खायला झाडाखाली गेल्या. मी त्यांच्यामागे निघाले तर मावशीने दंड धरला. तिचा वाफा तुडवून पुरा झाला होता. जमीन कशी बसली ते बघायला तिने त्यावर बोटभर पाणी घेतलं होतं, आणि त्या पाण्यात पूर्ण आभाळ होतं, एक ढगसुद्धा न हलणारं. इतकं शांत की माझ्या कानात माझाच श्वास वाजत होता.

“उतर,” ती बोलली.

मी उतरले.

“मार ती तुझी मावशी.”

“हितं? मावशी, वाफा फुटल.”

“मी बोलते ना, मार.”

मी मारली. पाय वर गेला, अडकला, मी डगमगले. टाच जागची हलली नाय. हलणार कशी? त्या जमिनीवर तर नायच नाय. “परत,” मावशी म्हणाली. परत तेच. मग तिने लुगडं खोचलं, माझ्या पायाशी पाण्यात उकिडवी बसली आणि माझी टाच दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिचे हात मिठाने खाऊन खाऊन खरखरीत झालेले. “आता मार.”

मी लाथ मारली आणि खालून तिने माझी टाच फिरवली.

काहीतरी चर्रकन फाटलं. आधी मला वाटलं माझा पाय. पण माझी कंबर दार उघडावं तशी उघडली आणि पाय वर गेला, वर गेला, माझ्या स्वतःच्या खांद्यावरून पलीकडे गेला. मी पडले नाय. पायाखालून काळं पाणी वर आलं आणि आभाळात पसरायला लागलं. मावशीने ते बघितलं. तिचा चेहरा असा झाला की मी म्हटलं, “बस मावशी, पुरे.”

“पुरे कसलं? दुसरा पाय दे.”

आम्ही किती वेळ तसं करत होतो ते मला आठवत नाय. ती सरकत होती, मी फिरत होते. ढगांना भोकं पडत होती. कधीतरी तिने हात काढून घेतले ते मला कळलंच नाय, माझी टाच आपली आपण वळत होती. मी हसत होते की रडत होते, देवाला ठाऊक. आणि बांधावर बायका येऊन उभ्या होत्या, तोंडं उघडी टाकून.

“काशे!” धोंडुबाई किंचाळली. तिचा वाफा आमच्या शेजारचा. “खुळी झालीस काय गो? तयार वाफा फोडलास!”

“माझा वाफा,” मावशी म्हणाली. ती पाण्यात तशीच बसलेली, हात कोपरापर्यंत काळे. “मी फोडीन नायतर ठेवीन. तू तुझी भाकर खा.”

घरी जाताना मी तिचा हात धरायला गेले तर तिने झिडकारला. बांधाच्या टोकाला थांबून मागे वळून एकदा तिने वाफ्याकडे बघितलं, आणि मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू.

परीक्षेच्या दिवशी मी एकटीच पेणला गेले. मावशी आली नाय. “मी आली आणि तो बाबा माझं नाव घेऊन ओरडला, तर मी परत उठून उभी राहीन,” म्हणाली. हॉलकडे जाणाऱ्या गल्लीत कारखान्यांसमोर न रंगवलेले गणपती उन्हात वाळत ठेवलेले. सगळे पांढरे, सगळ्यांचे डोळे कोरे. त्यांच्यामधून चालताना मला परत ती गुंगी आली. आपण चालतोय की झोपलोय.

तेच परीक्षक. तीच खुर्ची. सर भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे. परीक्षकांनी मला ओळखलं आणि त्यांची नजर आधी माझ्या पायावर गेली.

कोपर झालं, गुडघा झाला, समोरची लाथ झाली. मग ते बोलले, “मावाशी.”

मी मारली, आणि पाय अडकला. खालची टाच जमिनीला चिकटून बसली. त्या हॉलची लादी घोटून घोटून गुळगुळीत केलेली, मावशीच्या वाफ्यासारखीच, आणि माझ्या पायाने तिला जपलं! परीक्षकांनी पेन उचललं. सरांनी डोळे मिटून घेतले. गेला क्लास. गेली चावी. पोरी गेल्या.

आणि मग माझा राग आला माझ्या मदतीला. मी मनात म्हटलं, अगं ए जने, कोणाला जपतेस? वाफा कधीच फुटलाय. जिने आयुष्यभर जपला तिनेच फोडला, तुझ्यासाठी फोडला. आता तू कोणाचं काय सांभाळतेस?

“परत मारते,” मी म्हटलं. परवानगी नाय मागितली.

टाच फिरली. कंबर उघडली. पॅड धरलेला पोरगा दोन पावलं मागे गेला. मी लाथ मागे घेतली, पाय टेकला, आणि अंग जागच्या जागी स्थिर. डावी मारली. परत उजवी. मग लढत लावली. समोरची मुलगी उंच, लांबून मारणारी. मी तिला लांबूनच दोनदा गाठली, आणि ती चिडून जवळ घुसली तशी कोपर तिच्या छातीपासून बोटभरावर आणून थांबवलं. मला सगळं संथ दिसत होतं, पाण्याखालून बघावं तसं.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “खिळा काढला कोणी?”

“मावशीने,” मी म्हटलं. त्यांना वाटलं मी लाथेबद्दल बोलतेय. ते मान हलवून हसले.

काळा पट्टा सरांनी स्वतः बांधला. चावी त्यांनी आधीच खिशात आणून ठेवली होती, ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “शनिवारी वाटलं तर क्लास घे हो आता.” मी म्हटलं, “नाय घेणार.” मग आम्ही दोघंही रडलो. पेणच्या भर रस्त्यावर, एसटी स्टँडसमोर.

घरी मावशीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, पट्टा हातात घेऊन बघितला आणि “काळाच मिळाला काय, जरा बरा रंग नव्हता?” एवढंच म्हणाली. पण शेजारणीला हाक मारून सांगताना तिचा आवाज पार नाक्यावर जात होता.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर ती घरात नव्हती. मी मिठागराकडे धावले. बाकीच्यांच्या वाफ्यांत मिठाचं पाणी घेऊन झालेलं, ऊन पडून सगळे लखलखत होते. मधे एकटा मावशीचा वाफा काळा, उकरलेला, परीक्षेपर्यंत तिने माझ्या सरावासाठी तसाच ठेवलेला. ती एकटीच तो नव्याने तुडवत होती. धोंडुबाई किंवा दुसरं कोणी मदतीला आलं नव्हतं. फोडला तिने, तुडवेल ती, असं त्यांचं म्हणणं असणार.

“थांब, मी येते!” मी सलवार खोचली आणि उतरले. मला वाटलं होतं, आम्ही दोघी मिळून चार दिवसांत करून टाकू. निदान एवढं तरी मी तिचं देणं लागत होते.

पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. वळताना पायाखाली चर्र झालं.

मी बघितलं. टाच फिरली होती आणि काळं पाणी वर आलं होतं. मी पाऊल उचललं, नीट ठेवलं, आख्खा तळवा, सरळ. पुढच्या वळणाला परत तेच. मी श्वास रोखला, नजर एका जागी ठेवली, परीक्षेत ठेवली नव्हती इतकी ठेवली. टाच आपली आपण वळली. मी जिथे जिथे गेले तिथे तिथे मावशीने बसवलेली जमीन फाटत गेली.

मावशी थांबून बघत होती.

“गेला गो तुझा पाय,” ती हळू आवाजात म्हणाली.

“नाय गेला! मावशी, थांब जरा. येईल परत. मला आठवतंय सगळं, चार दिवस दे फक्त, मी परत आणते त्याला…”

ती माझ्यापाशी आली. काखेत हात घालून तिने मला उचललं, खरंच उचललं, या वयात, आणि बांधावर नेऊन ठेवलं. तिचे डोळे कोरडे होते आणि माझ्यावर रोखलेले होते.

“परत आणू नको त्याला,” ती म्हणाली. “ऐकलंस? परत आणलास तर मी तुला घरात घेणार नाय.”

मग ती पाऊल उचलून वळली आणि तुडवायला लागली. मी बांधावर बसून होते, हमसून हमसून रडत. तिने एकदाही मला हाक मारली नाय.